ड्रायव्हरचा भाव

हिंगोली
१४ ऑक्टोबर २००१

आदरणीय दाजी,

जय सेवालाल. संगिताताईला आणि लेकराला विचारलं म्हणून सांगा. परवा एसटीडीवरून फोन केला तेव्हा माझ्यामागे चार जण रांगेत उभे होते, आणि मला जे बोलायचं होतं ते चार जणांनी ऐकण्यासारखं नव्हतं. म्हणून तब्येतपाणी विचारून ठेवून दिला. खरी गोष्ट या पत्रात आहे.

गुलाबचंद सेठच्या डाळ मिलमध्ये मला चार वर्षं झाली. चारशेसात टेम्पो मीच चालवतो, सेठची जीप मीच चालवतो, आणि सेठच्या घरच्या बाया औंढ्याला दर्शनाला निघाल्या की त्यांच्या पिशव्याही मीच उचलतो. पगार सोळाशे. दोन वर्षांत त्यात एक रुपया वाढलेला नाही. पुजा अजून पुसेगावजवळ आपल्या तांड्यावरच आहे, याडी-बाबाजवळ. पोरगी मला पाहिलं की कोणी परका आला म्हणून रडते. त्या दोघींना मला इकडं आणायचं आहे. पण हिंगोली जिल्हा झाल्यापासून लोकांनी खोल्यांचे भाव असे चढवलेत की पत्र्याच्या एका खोलीला पाचशे मागतात आणि वर विचारतात, माणसं किती?

मोंढ्यात रोज सकाळी फळ्यावर तुरीचा भाव लिहितात, सोयाबीनचा लिहितात. माल विकणारा आधी फळा बघतो आणि मगच तोंड उघडतो. मी म्हटलं, ड्रायव्हरचा भाव कोण लिहिणार? आपणच काढू. म्हणून महिनाभर जिथं गाडी उभी केली तिथल्या ड्रायव्हरला पगार विचारत आलो. डायरीच्या मागच्या पानावर दहा नावं झाली आहेत. दहावं नाव तुमचं.

तुमचा पगार तर साऱ्या तांड्याला माहीत आहे. सगाईच्या वेळी तुमच्या वडिलांनी तुमची पगाराची स्लिप तांड्याच्या नायकाच्या हातात दिली होती आणि नायकानं ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली होती. दोन हजार सहाशे! बाबानं तिची झेरॉक्स अजून ट्रंकेत ठेवली आहे. पण ती अठ्ठ्याण्णव सालची. मला ताजी पाहिजे. आमचा सेठ कागदाचा माणूस आहे, तोंडी सांगितलेलं ऐकून नुसता हसतो.

एवढं काम करा दाजी.

तुमचा,
दिपक


परभणी
३० ऑक्टोबर २००१

प्रिय दिपक,

जय सेवालाल. पत्र पोचलं. वाचून आधी हसू आलं. टेम्पो चालवता चालवता तू मोंढ्याचा अडत्या कधी झालास रे?

तुझी ताई मजेत आहे. तिनं शिलाई मशीन घेतली आहे. घरात बसून कंटाळा येतो म्हणते. गल्लीतल्या बायांचे ब्लाऊज शिवते. लेकरू मशीनचं चाक धरून उभं राहायला शिकलं.

स्लिपचं म्हणशील तर सध्या अवघड आहे. हेडक्लार्क रजेवर आहेत आणि त्यांच्याशिवाय कपाट उघडत नाही. आणि खरं सांगू का, माझ्या पगाराशी तू बराबरी करू नकोस. आमची संस्था म्हणजे शाळा, कॉलेज, बोर्डिंग असं मोठं प्रस्थ. मी शाळेची बस चालवतो, तू मिलची गाडी. कामात फरक, मालकात फरक. तुझ्या डायरीत आणखी नऊ नावं आहेत म्हणतोस, त्यांचे आकडे तू लिहिलेच नाहीस. ते किती आहेत? बाजारभाव काढायचा तर सगळ्यांचा मिळून काढावा, एका दाजीचा कशाला?

सेठ चांगला माणूस आहे असं तूच सांगायचास. गोडीनं बोल. शे-दोनशे वाढवील.

तुझा,
प्रेमदास


हिंगोली
११ नोव्हेंबर २००१

आदरणीय दाजी,

दिवाळी तीन दिवसांवर आली आणि मी गोडीनं बोलून बघितलं. सेठनं मिठाईचा डबा दिला आणि म्हणाला, 'पुढच्या सीझनला बघू.' मागच्या दिवाळीलाही हाच डबा आणि हेच बोलणं होतं.

नऊ जणांचे आकडे विचारलेत. पंधराशे, सोळाशे, साडेसोळाशे असेच आहेत सगळे. शेजारच्या मिलचा लालसिंग सतराशे घेतो, तो त्यातल्या त्यात राजा. पण ते सेठला सांगून काय करू? तो म्हणेल, मग तुझं बराबर चाललं आहे की. ते सगळे माझ्यासारखेच अडकलेले. खरा भाव तुम्हाला मिळतो, म्हणून मी तुमचाच दाखवणार.

नववं नाव मी खोडून टाकलं आहे. ते ग्यानबा मामाचं. तुम्ही त्यांना पाहिलं आहे, आमच्या लग्नात नवरदेवाच्या जीपमध्ये पुढं तेच बसले होते. नरसीचे. तीस वर्षं सेठची गाडी चालवली, मला स्टेअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं. चार वर्षांपूर्वी डोळे अधू झाले तेव्हा सेठनं त्यांना गेटवर बसवलं. आठशे रुपये आणि गेटजवळची कोंबडीच्या खुराड्याएवढी खोली. बायको वारली, लेक सासरी. ते आता ड्रायव्हर नाहीत, म्हणून त्यांचा आकडा धरला नाही.

मामाला मी कागदाचं सांगितलं तर ते म्हणाले, "दिपक, सेठला तुही तकलीफ सांग ना. दुसऱ्याचा पगार काहून सांगतो?" म्हातारी माणसं. त्यांना वाटतं मालक म्हणजे बाप.

दाजी, एक विचारू? राग मानू नका. स्लिप मागितल्यावर तुम्ही हेडक्लार्कची रजा सांगितली. तुमचा पगार बघून हा साला उद्या उसने पैसे मागेल अशी भीती वाटली का? मी कधी तुमच्याकडं हात पसरला नाही आणि पसरणारही नाही. कागद द्यायचा नसेल तर तसं लिहा. मन मोकळं होईल.

दिपक


परभणी
२८ नोव्हेंबर २००१

प्रिय दिपक,

सोबत ऑक्टोबरच्या स्लिपची झेरॉक्स आहे. दोन हजार नऊशे. खाली संस्थेचा शिक्का आहे.

तुझं शेवटचं लिहिणं मला फार लागलं. उसने मागशील म्हणून भिणारा मी माणूस नाही.

सांभाळून वापर. सेठला दाखवून झाली की परत घे आणि फाडून टाक. संस्थेचे कागद बाहेर गेलेले इथं चालत नाहीत. ताई म्हणते, देऊ नका. मी तिचं ऐकलं नाही.

प्रेमदास


हिंगोली
९ जानेवारी २००२

आदरणीय दाजी,

पेढे तोंडात टाकून मग हे वाचा. नसतील तर ताईला गूळ मागा. चोवीसशे झाले! एक जानेवारीपासून.

सेठनं आधी मला उभंच ठेवलं. मग चष्मा लावला, स्लिप खिडकीकडं धरली आणि वरपासून खालपर्यंत वाचली. संस्थेचं नाव आलं तेव्हा मिशीतल्या मिशीत हसला. 'ये तो बडी संस्था है,' म्हणाला. मी म्हटलं, 'सेठ, बाजारात ड्रायव्हरचा हाच भाव आहे.' बघा, कसा बोललो! नऊ जणांचं पान खिशात होतं, छातीशी. ते टोचत होतं, पण मी काढलं नाही.

मग थोडं इकडचं तिकडचं बोलणं झालं. सेठनं खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाला, 'ठीक. आठशे वाढवले.' मी पाया पडलो. स्लिप मागायचं राहून गेलं, सेठनं ती घडी घालून खिशात टाकली होती. पण काळजी करू नका, सेठ काही परभणीला दवंडी पिटत नाही.

तलाबकट्ट्याकडं खोली बघितली. संक्रांत झाली की पुजाला आणतो. हे सगळं तुमच्यामुळं झालं. बाबाला सांगितलं तर त्यानं ट्रंक उघडून तुमची जुनी स्लिप काढली आणि डोळ्यांना लावली.

ग्यानबा मामाला पेढा द्यायचा राहिला. चार दिवस गेटवर दिसले नाहीत. नरसीला गेले असतील पुतण्याकडं.

तुमचा,
दिपक


परभणी
२१ जानेवारी २००२

प्रिय दिपक,

अभिनंदन. तुझी पगारवाढ ऐकून तुझी ताई रडली. आनंदानं.

आता या गोष्टीचा जास्त बोभाटा करू नकोस. पुजा आणि पोरीला आशीर्वाद.

प्रेमदास


हिंगोली
१७ फेब्रुवारी २००२

आदरणीय दाजी,

पुजा आली. खोलीत चूल मांडली, भिंतीला आरसा लावला. पोरगी आता मला ओळखते. टेम्पोचा हॉर्न ऐकला की दारात येते आणि मी उचलेपर्यंत ओरडते. जे मी मागत होतो ते सगळं मला मिळालं, आणि तरी मला जेवण जात नाही.

ग्यानबा मामा पुतण्याकडं पाहुणे म्हणून गेले नव्हते. सेठनं त्यांना काढलं. पाच जानेवारीला. 'डोळे गेले, आता आराम करा,' असं म्हणून शंभर रुपये आणि एक धोतर हातात दिलं. गेटवर आता कोणीच नाही, साखळी लावतात आणि मी हॉर्न वाजवला की हमाल येऊन सोडतो.

मामाचा पगार किती होता ते मी तुम्हाला लिहिलंच होतं. आठशे. माझे किती वाढले? आठशे. मला हा हिशेब कुणी सांगितला नाही दाजी, साखळी सुटायची वाट बघत गेटवर उभा होतो तेव्हा तो आपोआप लागला.

गेल्या रविवारी नरसीला गेलो. मामा देवळाबाहेर लोकांच्या चपला सांभाळत बसले होते. पुतण्याच्या घरी ओसरीत झोपतात. त्यांना माणसं दिसत नाहीत, पण चपला हातानं चाचपून बरोबर जोडी लावतात. माझा आवाज ऐकून एवढे खूश झाले! "दिपक, क्लच दाबून गाडी चालवू नको, प्लेट जाते," हे पहिलं वाक्य. मी पेढे नेले होते. कशाचे आहेत ते सांगितलं नाही.

रात्रंदिवस एकच विचार येतो. माझं काय चुकलं? जो भाव बाजारात आहे तोच मागितला. तुम्हाला खरोखर एकोणतीसशे मिळतात, मग मी चोवीसशे मागणं पाप कसं? हीच एक गोष्ट धरून बसलो आहे. तुम्ही मोठे आहात. तुम्ही एकदा लिहा की माझं बराबर होतं.

दिपक


परभणी
१ मार्च २००२

प्रिय दिपक,

मी ते लिहू शकत नाही.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीची दोन ताईनं चुलीत टाकली, म्हणाली, गोल गोल फिरू नका, सरळ लिहा. म्हणून सरळ लिहितो. मला एकोणतीसशे मिळत नाहीत. पंधराशे मिळतात.

दर महिन्याच्या सात तारखेला हेडक्लार्क रजिस्टर उघडतो. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करायची, दोन हजार नऊशे पावले म्हणून. मग तो पाकीट देतो. त्यात पंधराशे असतात. पाकीट तिथं मोजायचं नाही, असा रिवाज आहे. बाकीचे संस्थेच्या इमारतीसाठी म्हणतात. मास्तरांचं तसंच, शिपायाचं तसंच. सगळे सही करतात आणि सगळे खाली मान घालून बाहेर पडतात. ज्यानं विचारलं तो पुढच्या महिन्यात रजिस्टरवर नसतो.

सगाईच्या वेळी बापानं स्लिप काढली तेव्हा मी त्याला अडवायला पाहिजे होतं. नायक मोठ्यानं वाचत होता, तुमचे बाबा मान हलवत होते, बाया माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, आता बोललो तर इथूनच वरात परत. म्हणून गप्प बसलो. मनाची समजूत घातली की मी कुठं खोटं बोललो? कागद खरा, शिक्का खरा, सही माझी. तीन वर्षं हीच समजूत घालत आलो.

लग्नानंतर पहिल्या सात तारखेला ताईच्या हातात पाकीट ठेवलं. तेव्हा बाराशे होते. तिनं मोजले, परत मोजले, आणि पाकीट उलटं करून झटकलं. मग एवढंच म्हणाली, "बाबाला कळू देऊ नका." त्यानंतर तू स्लिप मागेपर्यंत या विषयावर तिनं शब्द काढला नाही. मशीन तिनं कंटाळा आला म्हणून घेतलेली नाही रे. रॉकेल, दूध आणि लेकराचं औषध त्या मशीनवर चालतं.

तू स्लिप मागितलीस तेव्हाच मी खरं सांगायला हवं होतं. हेडक्लार्क एक दिवससुद्धा रजेवर नव्हता. पण तू उसन्याचं लिहिलंस आणि माझ्यातला जावई जागा झाला. तुला खोटा कागद पाठवला, पण माझी इज्जत राखली. तुझ्या पगारवाढीनं ताई आनंदानं रडली, हेही खोटं. ती मला विचारत होती, आता त्याला कधी सांगणार?

तो भाव बाजारात नव्हता दिपक. तुझे नऊ जण खरे होते. मी एकटा खोटा होतो आणि तू नेमका मला धरलास. ग्यानबा मामाच्या पोटावर पाय आला तो माझा आहे, तुझा नाही. हा गुन्हा मी माझ्याकडं घेतो. बाबाला सांगायचं असेल तर सांग. नायकाला सांगितलंस तरी मी येऊन तांड्यासमोर उभा राहीन.

प्रेमदास


हिंगोली
५ मे २००२

आदरणीय दाजी,

दोन महिने उत्तर दिलं नाही. पहिले पंधरा दिवस तुमचा राग होता, खोटं कशाला बोलू. तुमचं पत्र टेम्पोच्या डॅशबोर्डात ठेवलं होतं. गाडी थांबवून वाचायचो आणि तुम्हाला शिव्या द्यायचो. मग एक दिवस शिव्या देता देता माझं मलाच हसू आलं, कारण तुम्ही ज्याची माफी मागत होता तो माणूस तुमच्याहून लबाड निघाला होता.

नऊ जानेवारीच्या पत्रात मी लिहिलं होतं की स्लिप वाचून झाल्यावर सेठशी थोडं इकडचं तिकडचं बोलणं झालं. ते बोलणं काय होतं ते आता लिहितो. सेठ म्हणाला, 'मान लिया. पण आठशे आणू कुठून? मिलची हालत बघ.' मी तयारीनं गेलो होतो ना, डोकं तापलेलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, 'गेटवर नुसतं बसणाऱ्याला आठशे देता, अन् रात्रंदिवस गाडी चालवणाऱ्याला सोळाशे?'

मी नाव घेतलं नाही. पण गेटवर दुसरं कोण बसत होतं? त्यानंतरच सेठनं खिडकीतून गेटकडं बघितलं आणि त्यानंतरच 'ठीक' म्हणाला. मी हे तुम्हाला लिहिलं नाही, पुजाला सांगितलं नाही. फेब्रुवारीत मी तुम्हाला 'माझं काय चुकलं' असं विचारलं तेव्हा मला चांगलं माहीत होतं काय चुकलं. तुमच्या एका ओळीत मला ते पुसून घ्यायचं होतं.

तुमचं पत्र आल्यावर मार्चअखेर सेठकडं गेलो. म्हटलं, 'सेठ, तो कागद खोटा होता. दाजीला पंधराशेच मिळतात. मला सोळाशेच द्या आणि मामाला परत बोलवा.'

सेठ हसला. "अरे, मला काय सांगतो? तू यायच्या आधी त्या बोर्डिंगला माझीच डाळ जायची. बिल पंचवीस कट्ट्यांचं, माल पंधरा. ग्यानबाच घेऊन जायचा. त्याला विचारला असता तर त्यानंच सांगितलं असतं, त्या संस्थेचा कागद कसा असतो."

"मग चोवीसशे काहून केले सेठ?"

"लालसिंगचा मालक तुझ्यावर डोळा ठेवून होता. तू गेला असता तर मला दुसरा भेटला नसता. पण पैसे कुठून काढावे ते सुचत न्हवतं. म्हाताऱ्याचं माझ्या ध्यानातबी न्हवतं, तीस वर्षं झाली, बसला होता बिचारा. तू दाखवून दिलं." मग म्हणाला, "आता बोलावू कसा? गेटची साखळी बराबर चालून राहिली."

मी बाहेर आलो आणि गेटजवळच्या त्या खोलीत डोकावलो. तिथं आता रिकामी बारदानं भरली आहेत.

खोली सोडली. पुजाला सांगितलं, सेठनं पगार परत कमी केला, धंदा मंदा आहे. तिनं आरसा भिंतीवरून काढून साडीत गुंडाळला. पोरीला तांड्यावर सोडून निघालो तेव्हा तिला वाटलं मी हॉर्न वाजवून परत येणार, म्हणून हसत उभी होती. पुढच्या वेळी गेलो तर पुन्हा रडेल की ओळखेल कोण जाणे. खोलीचे ते पाचशे आता नरसीला जातात. माझी सही चोवीसशेवर असते दाजी, आणि तांड्यावर माहीत आहे सोळाशे. तुमच्या रजिस्टरला मी आता नावं ठेवणार नाही.

बाबाला काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. ताईला म्हणावं, ट्रंकेतला कागद ट्रंकेतच राहील. तुम्ही तांड्यासमोर उभं राहायचं म्हणता. उभे राहिलात तर मलाही तुमच्या शेजारी उभं राहावं लागेल आणि मला तेवढी छाती नाही.

एक मेला दुसऱ्यांदा पैसे द्यायला गेलो. माझे आहेत म्हटलं असतं तर मामानं घेतले नसते. म्हणून पहिल्याच वेळी सांगितलं होतं की सेठनं तुम्हाला पेन्शन लावली. या वेळी मामानं नोटा चाचपल्या, कपाळाला लावल्या आणि विचारलं, "सही कुठं करू? सेठ बिगर सहीचा पैसा देत न्हाई." माझ्याजवळ डायरीशिवाय कागद नव्हता. मागचं पान उघडलं. मामाला काही दिसत नाही, त्यांनी बोटानं पानाची कड शोधली आणि जिथं हात पडला तिथं सही केली. ती त्या दहा आकड्यांवर पडली, मी खोडलेल्या त्यांच्या आठशेच्या जरा खाली.

मग माझा हात धरून बसवलं आणि म्हणाले, "सेठ देवमाणूस हाय रे. अन् तू त्याच्यापुढं दुसऱ्याच्या पगाराचा कागद घेऊन गेल्ता. असं नको करत जाऊ लेकरा. बघ, म्या तं काही मागितलंबी न्हाई, तरी देऊन राहिला."

मी म्हटलं, "व्हय मामा."

तुमचा,
दिपक